कॅमेऱ्याचा पट्टा आणि दिवसभराची चाल

कॅमेरा विकत घेण्यापूर्वी मनुष्य महिनेमहिने चौकशा करतो, जाणकारांच्या भेटी घेतो, दोन भिंगांमधील सूक्ष्म भेद समजावा म्हणून रात्री जागवतो. आणि एवढा सगळा खटाटोप आटोपल्यावर त्याच खोक्याच्या तळाशी गुंडाळून ठेवलेला, कंपनीचे नाव ठळक अक्षरांत मिरविणारा पट्टा मात्र कसलीही हरकत न घेता गळ्यात अडकवून मोकळा होतो. वस्तुतः दिवसभराच्या भटकंतीत कॅमेरा प्रत्यक्ष डोळ्याला लागलेला असतो तो काळ, सगळा मिळून धरला तरी, फार थोडा भरतो. उरलेला सारा वेळ तो अंगावर लोंबत असतो, आणि त्या वेळात त्याचा व्यवहार चालतो तो आपल्या मानेशी, खांद्याशी आणि कमरेशी. दिवस कलल्यावर, प्रकाश सर्वांत देखणा झालेला असताना, कॅमेरा पिशवीत घालून कुठेतरी टेकावेसे वाटते, याचे कारण शोधू गेल्यास ते रसिकता आटण्यात सापडत नाही. खांद्याला लागलेल्या कळेत सापडते.

दुकानात पट्टा पाहताना बहुतेक गिऱ्हाईक त्याची गादी अंगठ्याने दाबून पाहते आणि ती मऊ लागली की समाधान पावते. ही परीक्षा अगदीच निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही, परंतु तिचा मान तिसरा-चौथा आहे. पट्ट्याची सुखावहता मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: भार शरीराच्या कोणत्या भागावर उतरतो, आणि आपण चालू लागल्यावर तो तिथेच स्वस्थ राहतो की पावलागणिक जागा बदलतो. या दोन प्रश्नांची उत्तरे मनाजोगी मिळाली, तर साधा सुती पट्टाही दिवसभर सोबत करतो. ती मिळाली नाहीत, तर बोटभर जाडीची गादीसुद्धा दुपारी दोनच्या सुमारास निरुपयोगी ठरते.

पहिला हिशेब वजनाचा, आणि तो अंदाजपंचे न करता स्वयंपाकघरातील तराजूवर करावा. फुजीफिल्मचा एक्स-१०० व्ही हा सुटसुटीत कॅमेरा बॅटरी आणि कार्डासह ४७८ ग्रॅम भरतो. सोनीचा ए-७ थ्री ६५० ग्रॅम भरतो, आणि त्यावर त्याच कंपनीचे २४-१०५ मिलिमीटरचे भिंग चढविले की ती जोडी १,३०० ग्रॅमच्या किंचित वर जाते. निकॉनचा डी-८५० आणि २४-७० मिलिमीटरचे एफ/२.८ भिंग यांची बेरीज दोन किलोंच्या पलीकडे पोचते. आणि लग्नसमारंभात किंवा मैदानी खेळांत ज्यावाचून अनेकांचे चालत नाही, ते ७०-२०० मिलिमीटरचे एफ/२.८ भिंग जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांसाठी घेतले तर ते एकटेच दीड किलोच्या आसपास असते. माझा ठोकताळा असा, की पाऊण किलोपर्यंतच्या कॅमेऱ्याला जवळजवळ कोणताही बरा पट्टा चालतो. तिथून दीड किलोपर्यंत पट्टा खांद्यावरून तिरपा घेण्यावाचून गत्यंतर नसते. आणि दोन किलोंच्या पुढे एका खांद्यावर दिवसभर भिस्त ठेवणे हाच मुळी चुकीचा बंदोबस्त होय. तराजूवरचा आकडा पाहून एखादे भिंग घरी ठेवण्याची बुद्धी झाली, तर बाजारातील कोणत्याही पट्ट्याने मिळणार नाही इतका आराम एक पैसाही खर्च न करता मिळतो, हेही येथे सांगून टाकतो.

आता मानेचा विचार. कॅमेरा गळ्यात अडकविण्याची वहिवाट मुळात अकारण पडलेली नव्हती. १९२९ साली जर्मनीतील फ्रांके आणि हायडेके यांनी रोलायफ्लेक्स बाजारात आणला, तेव्हा त्यात दृश्य पाहावयाचे ते वरून, खाली वाकून, काचेवर उमटलेल्या प्रतिमेत. कॅमेरा पोटाशी, दृष्टी खाली, आणि गळ्यातला पट्टा खाली ओढून ताणला की हाताचा कंप कमी. त्या काळी पट्टा हा वाहून नेण्याचे साधन होता तसाच तो छायाचित्र टिपताना मिळणारा तिसरा आधारही होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत राष्ट्राच्या जन्मकाळाची छायाचित्रे टिपणाऱ्या होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांच्या हाती हाच कॅमेरा होता. साडी नेसून, साहित्य सायकलवर लादून त्या दिल्लीभर हिंडत. पुढे कॅमेरा पोटापासून उठून डोळ्याशी गेला, आणि गळ्यातील पट्ट्याचे अर्धे प्रयोजन संपले. पट्टा मात्र गळ्यातच राहिला. कंबरेच्या उंचीवरून पाहता येईल असा उघडणारा-मिटणारा पडदा असलेले आजचे कॅमेरे वापरणाऱ्यांनी ही ताणून धरण्याची जुनी युक्ती जरूर करून पाहावी. संथ शटरवर तिचा उपयोग आजही होतो, आणि तेवढ्यापुरता गळ्यातील पट्टा आजही समर्थनीय आहे.

वाहून नेण्यासाठी मात्र तो समर्थनीय नाही. मनुष्याचे मस्तक साधारण साडेचार-पाच किलो वजनाचे असते आणि ते मणक्यांच्या स्तंभावर तोलून धरण्याचे काम मानेमागचे स्नायू अहोरात्र करीत असतात. छातीपुढे दीड किलोचा भार लोंबू लागला की मान किंचित पुढे झुकते, आणि तिला मागे खेचून धरण्याची जादा चाकरी त्याच स्नायूंवर पडते. शिवाय पट्टा टेकतो तो नेमका मानेच्या बुडाशी, जिथे सातवा मणका बोटाला उंचवट्यासारखा लागतो. तिथे त्वचेखाली मांसाचे आच्छादन थोडे आणि हाड जवळ, म्हणून अरुंद पट्टा तिथे अर्ध्या तासात काचू लागतो. या उलट मान आणि खांद्याचे टोक यांच्या मधला उतार पुष्ट स्नायूंचा असतो आणि थोडाबहुत भार तो निमूटपणे वाहतो. त्यालाही मर्यादा आहे. खांद्याच्या त्या प्रदेशात, हासळीच्या हाडाच्या मागून, हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा उतरतो. अवजड पिशव्यांचे पट्टे तिथे दीर्घकाळ रुतले की हाताला मुंग्या येतात, हे गिर्यारोहकांना आणि सैनिकांना चांगले ठाऊक आहे. बोटे बधिर होऊ लागली तर पट्ट्याची जागा तत्काळ बदलावी, आणि बधिरपणा रेंगाळला तर दुसरा पट्टा शोधीत बसण्यापेक्षा वैद्यांकडे जावे.

यास्तव दिवसभरासाठी पट्टा घ्यावा तो तिरपा: उजव्या हाताने काम करणाऱ्याने डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे. असे घेतल्यावर कॅमेऱ्याचा काही भार घर्षणाने पाठीवर आणि छातीवर वाटला जातो, खुद्द कॅमेरा कमरेच्या हाडाशी टेकून राहतो, आणि पट्टा खांद्यावरून घसरून पडण्याची भीती उरत नाही. इथे लांबीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि माझ्या मते पट्ट्याच्या साऱ्या प्रकरणातली सर्वाधिक दुर्लक्षिलेली बाब हीच होय. कॅमेरा मांडीवर आपटावा इतका पट्टा लांब ठेवणारे आणि तो बरगड्यांशी घासावा इतका आखूड ठेवणारे, दोघेही दोष देतात तो पट्ट्याला. योग्य लांबी ओळखण्याची खूण अशी: सरळ उभे राहून उजवा हात सैल सोडावा, कोपर किंचित वाकविताच कॅमेऱ्याची मूठ तळहातात यावी आणि भिंगाचे टोक नितंबाच्या मागच्या बाजूस, खिशाजवळ असावे. त्यानंतर कॅमेरा डोळ्याशी नेऊन पाहावा. पट्टा कानाशी किंवा चष्म्याच्या काडीशी ओढला जात असेल तर एक-दोन बोटे लांबी वाढवावी. ही मापे पातळ सदऱ्यावर घेतली असतील तर हिवाळ्यात जाकिटावर ती पुन्हा घ्यावी लागतात, म्हणून ज्याची लांबी एका हाताने, चालता चालता, कमीजास्त करता येते असा पट्टा चार पैसे जास्त देऊनही घ्यावा. पट्ट्याच्या जाहिरातीत वर्णिलेल्या दहा गुणांपैकी नऊ सोडून मी हा एक पदरात घेईन.

तिरप्या पट्ट्यांत दोन घराणी आहेत, आणि ती ओळखल्यावाचून खरेदी करू नये. ब्लॅकरॅपिडसारख्या रचनेत गादी खांद्यावर स्थिर राहते आणि कॅमेरा एका कडीतून अरुंद पट्टीवर वर-खाली सरकतो. गादी वक्र शिवलेली असली तर ती मानेला न घासता उतारावर बसते, आणि हा वक्रपणा गादीच्या मऊपणाहून कितीतरी अधिक मोलाचा आहे. दुसऱ्या रचनेत, म्हणजे पीक डिझाइनच्या स्लाइडसारख्या पट्ट्यात, कॅमेरा पट्ट्याला दोन टोकांनी पक्का असतो आणि कॅमेरा उचलताना सबंध पट्टाच अंगावरून सरकतो. त्या पट्ट्याची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरीवर रबरी पट्ट्या असतात, त्या याचसाठी: तिरपा घेताना गुळगुळीत बाजू अंगाकडे करावी, नुसता खांद्यावर लटकविताना दुसरी. या उलटापालटीची माहिती नसल्यामुळे चांगला पट्टा वाईट ठरविणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. जो क्षणाक्षणाला कॅमेरा उचलतो, मिरवणुकीत किंवा लग्नमंडपात वावरतो, त्याला पहिले घराणे अधिक मानवते. जो चालतो जास्त आणि टिपतो थोडे, त्याला दुसरे.

जुन्या वृत्तपत्री छायाचित्रकारांची तऱ्हा याहून निराळी होती. ते कॅमेरा तिरपा न घेता नुसता खांद्यावर टाकीत, कारण क्षणार्धात तो काढून दुसरा घेण्याची मुभा त्यात होती. आणि त्या पद्धतीला गुळगुळीतपणा घातक असल्यामुळे, फिलाडेल्फिया इन्क्वायररचे छायाचित्रकार जिम डोम्के यांच्या नावाने निघालेल्या पट्ट्यात सुती विणीतच रबराचे धागे गुंफलेले असतात. तो पट्टा गादीवाचूनचा, पातळ आणि दिसावयास अगदी सामान्य. पण खांद्यावरून ढळत नाही, घाम टिपतो आणि गुंडाळला तर मुठीत मावतो. मध्यम वजनाच्या कॅमेऱ्यासाठी आणि गर्दीच्या गावांसाठी त्याची शिफारस करण्यास मला संकोच वाटत नाही.

रुंदी आणि द्रव्य यांविषयी. दोन किलोंचा भार एक सेंटीमीटर रुंदीच्या दोरीवर असो की चार सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्यावर, भार तोच; फरक पडतो तो दाबात. मात्र रुंदी चौपट म्हणजे दाब पाव, हे त्रैराशिक कागदावर जितके खरे तितके खांद्यावर नाही, कारण खांदा हा सपाट पाट नव्हे. फार रुंद आणि ताठ पट्ट्याची एक कड मानेत रुतते आणि दुसरी हवेत राहते. म्हणजे पैसे दिले पाच सेंटीमीटरचे आणि उपयोगास आले दोन. हलक्या कॅमेऱ्याला अडीच ते तीन सेंटीमीटर आणि जड कॅमेऱ्याला चार ते साडेचार सेंटीमीटर रुंदी पुरे होते, परंतु पट्टा इतका लवचिक हवा की दोन बोटांत धरून आडवा वळविला तर तो सहज वळावा. आषाढी वारीत दिंडीतल्या मृदंगवादकांकडे पाहावे: एवढे अवजड वाद्य गळ्यात घेऊन ते मैलोगणती चालतात, वाजवितात, वेळप्रसंगी नाचतात, आणि त्यांचा पट्टा पाहिला तर बहुधा रुंद, मऊसूत, घड्या पडून अंगाच्या वळणाला गेलेल्या कापडाचाच असतो. वळणाला जाणे हा गुण नव्या कोऱ्या ताठ पट्ट्यात आठ-पंधरा दिवसांच्या वापराने थोडाफार येतो. ज्यात तो येणारच नाही, तो पट्टा हाताला लगेच कळतो.

निओप्रीन या फुगीर रबराच्या पट्ट्यांचा पुष्कळ बोलबाला आहे, आणि दुकानात ते सर्वांत सुखद वाटतात यात शंका नाही, कारण ते ताणले जातात आणि हाताने तोलून पाहिल्यास कॅमेरा हलका झाल्याचा भास होतो. वजन अर्थातच एक ग्रॅमनेही घटलेले नसते. चालताना मात्र या ताणाचा उपद्रव सुरू होतो. पदार्थविज्ञानाचा साधा हिशेब आहे: भाराने पट्टा जितका लांबतो, त्यावर त्याची वर-खाली आंदोलने ठरतात, आणि लांबणे सहा सेंटीमीटरांच्या आसपास असेल तर ती आंदोलने मिनिटाला सुमारे १२० पडतात. झपाझप चालणाऱ्या माणसाची पावलेही मिनिटाला तेवढीच पडतात. परिणामी प्रत्येक पाऊल त्या झोक्याला नेमक्या वेळी धक्का देते आणि कॅमेरा कमरेशी नाचू लागतो. म्हणून असा पट्टा घेण्यापूर्वी तो एका खुंटीला अडकवून, कॅमेरा लावण्याच्या आधी आणि लावल्यावर, त्याची लांबी फूटपट्टीने मोजावी. दोन-तीन सेंटीमीटरांपेक्षा अधिक फरक दिसला तर तो पट्टा एका जागी उभे राहणाऱ्यासाठी ठीक, चालणाऱ्यासाठी नव्हे. शिवाय निओप्रीनमधून हवा खेळत नाही. विदर्भातल्या वैशाखात किंवा कोकणातल्या ऑक्टोबरात त्याच्याखाली घामाचे डबके साचते आणि कातडी लाल होते.

नायलॉन मजबूत, परंतु पाणी शोषून ओले झाले की किंचित ढिले पडते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ घेत नाही, म्हणून पावसाळ्यात तेच बरे. सुती पट्टा अंगाला सर्वांत गोड, पण भिजला तर सबंध दिवस ओला राहतो, आणि रंग कच्चा असेल तर पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत आपली सही करून ठेवतो. नवा रंगीत पट्टा प्रथम मिठाच्या पाण्यात भिजवून, पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावा. कातड्याचा पट्टा देखणा खरा, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने अधिकच देखणा होतो, परंतु आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर कपाटात ठेवला तर त्याच्यावर बुरशीची पांढरी साय धरल्याखेरीज राहत नाही, आणि ती बुरशी त्याच कपाटातल्या भिंगाच्या काचेवर जाण्यास फार आमंत्रणाची वाट पाहत नाही. गोव्यात, रत्नागिरीत किंवा मुंबईत राहणाऱ्याने हौसेखातर कातडी पट्टा घ्यायचाच असेल, तर पावसाळ्यापुरता तो कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवावा.

आता जोडणीची बाब. आरामाशी तिचा संबंध दुरून आहे, पण निश्चिंतपणाशी अगदी जवळचा, आणि ज्याला पट्ट्याचा भरवसा नाही तो दिवसभर एक हात कॅमेऱ्यावर ठेवून चालतो आणि संध्याकाळी त्याचाच खांदा अधिक दुखतो. कॅमेऱ्याला दोन्ही अंगांना पट्ट्यासाठी एक तर चपट्या खाचा असतात, किंवा गोल कान असून त्यांत पोलादी कडी ओवावी लागते. चपट्या खाचेतून साधी पट्टी ओवताना तिचे मोकळे टोक बक्कलातून परत फिरवून आतल्या बाजूस दडवावे. ते बाहेर लोंबत ठेवले तर एक तर ते डोळ्यात जाते, किंवा ओढले जाऊन हळूहळू सुटते. गोल कानांच्या कॅमेऱ्यात कडी आणि अंग यांच्यामध्ये कातड्याची लहानशी चकती घालावी, नाहीतर धातू धातूला घासून रंग जातो. झटपट काढता-घालता येणाऱ्या दोरीच्या गाठी हल्ली लोकप्रिय आहेत, आणि पीक डिझाइनचा आपल्या गाठींबद्दल ९० किलोंचा दावा आहे. तथापि दावा नव्या गाठीचा असतो, आणि कडीच्या धारेवर वर्षभर घासलेली गाठ ही नवी गाठ नव्हे. वरचे काळे आवरण झिजून आतला निराळा रंग दिसू लागला की ती गाठ तत्क्षणी बदलावी. तो रंग निर्मात्याने मुद्दाम याच इशाऱ्यासाठी घातलेला असतो.

कॅमेरा कमरेशी उलटा लोंबविणारे पट्टे त्याच्या तळाशी, तिवईच्या भोकात आटे फिरवून बसवितात. हे भोक जगभर बहुतेक कॅमेऱ्यांत एकाच मापाचे, पाव इंच व्यासाचे आणि इंचाला वीस आट्यांचे. या रचनेत भिंग खाली आणि मागे वळते व हाताला मूठ झटकन सापडते, म्हणून सोय मोठी. पण चालण्याच्या हेलकाव्यांनी स्क्रू सैल होत जातो, आणि सैल होताना तो कसलीही वर्दी देत नाही. रबरी चकती असलेला स्क्रू घ्यावा, सकाळी निघताना आणि दुपारी जेवल्यावर तो बोटांनी पिळून पाहावा, आणि कॅमेऱ्याच्या एका कानातून पट्ट्याला जोडणारी आखूड दोरी जामीन म्हणून ठेवावी. भिंग कॅमेऱ्याहून जड असेल तर स्क्रू कॅमेऱ्याच्या तळाशी न लावता भिंगाच्या कड्याच्या पायाला लावावा. भार तोललेला राहतो आणि भिंगाच्या जोडावर ताण येत नाही.

दोन किलोंच्या पुढचे वजन किंवा दोन-दोन कॅमेरे बाळगणाऱ्या वाचकांसाठी दोन्ही खांद्यांवरून येऊन पाठीवर एकमेकांस छेदणारा दुहेरी पट्टा हाच इलाज. लग्नाची छायाचित्रे घेणारे तो हल्ली सर्रास वापरतात. घेताना पाठीवरचा छेद मानेच्या खाली, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध येतो ना एवढे पाहावे. वर आला तर तो गळपट्ट्याइतकाच जाचक. गडकोट चढणाऱ्यांनी मात्र हे सारे सोडून पाठीवरच्या पिशवीच्या खांदपट्टीला बसणारी धातूची पकड वापरावी, कारण राजगडाच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या चढणीवर दोन्ही हात मोकळे असणे हे आरामाहून महत्त्वाचे, आणि लोंबता कॅमेरा प्रत्येक खडकाशी मैत्री करू पाहतो. कासच्या पठारावर इवल्या फुलांपुढे गुडघे टेकणाऱ्यांनाही तिरप्या पट्ट्याचा हाच दोष नडतो: वाकताक्षणी कॅमेरा पाठीवरून पुढे झेपावतो. त्यावर उपाय म्हणून काही पट्ट्यांवर सरकणारी कडी जागीच अडविणारी खुंटी असते. नसेल तर कापडी पकडपट्टीचा एक तुकडा शिवून घ्यावा. जंगलात जीपमध्ये बसलेल्यांनी पट्टा सरळ काढून पिशवीत ठेवावा, तिथे त्याचे काही काम नाही.

स्त्रियांना या विषयात आणखी काही अडचणी येतात आणि पट्टे तयार करणाऱ्यांनी त्यांचा विचार केला आहे असे क्वचितच दिसते. तिरपा पट्टा छातीच्या मधून नेला तर तो सरळ बसतो, परंतु साडीच्या पदराच्या निऱ्या किंवा ओढणी त्याखाली चुरगळते आणि ओढली जाते. पदर डाव्या खांद्यावर असतो, म्हणून पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे घेऊन पाहणे अनेकींना सोयीचे ठरेल, जरी कॅमेरा उचलताना हात थोडा आडवा न्यावा लागला तरी. मंगळसूत्र किंवा साखळी पट्ट्याखाली येऊ देऊ नये. दोन तासांत तिचा ठसा कातडीवर उठतो. लहान चणीच्या व्यक्तींनी पट्टा किती लांब होतो हे विचारण्याऐवजी किती आखूड होतो हे आधी विचारावे. अनेक पट्टे उंचपुऱ्या परदेशी देहयष्टीच्या मापाने बेतलेले असतात.

खरेदीपूर्वीची चाचणी अशी घ्यावी. दुकानात आपला स्वतःचा कॅमेरा, नेहमीच्या भिंगासह, घेऊन जावा. पट्टा चढवून जिना चढावा-उतरावा, खाली बसावे, बुटाची नाडी बांधण्यासाठी वाकावे, कॅमेरा दहा-वीस वेळा डोळ्याशी न्यावा. दुकानदार त्रासला तर त्रासू द्यावा. नंतर परत करण्याची मुभा असलेला पट्टा घरी आणून, किंमतपट्टी न काढता, तासभर कॅमेऱ्यासह घरकाम करावे. या तासात लालसर वळ उठला का हे तर पाहावेच, पण त्याहून अचूक खूण म्हणजे आपला मोकळा हात किती वेळा पट्ट्याकडे गेला ही. माणूस अवघडलेला पट्टा नकळत सावरीत असतो. घरातल्या कुणाला तरी ही मोजणी करण्यास सांगावे. पाच-सात मिनिटांतून एकदाही हात जात असेल, तर दहा तासांत काय होईल ते सांगायला नको. किमती काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत आहेत, आणि साधारणपणे जास्त पैसे पडतात ते बक्कल, गाठी आणि शिवण यांचे. तिथे काटकसर करू नये. गादीवरच्या चित्रविचित्र नक्षीचे पैसे ज्याला द्यावयाचे त्याने खुशाल द्यावे. कॅमेऱ्याचे नाव दुरून वाचता यावे अशा अक्षरांचा पट्टा मात्र गर्दीत वापरू नये, कारण तो नेमक्या ज्याने वाचू नये त्यालाही वाचता येतो.

वारीची छायाचित्रे घेऊ पाहणाऱ्यांना शेवटी दोन सूचना. पुणे-सासवड या मजलेत दिवे घाटाच्या वळणांवर, किंवा पुढे रिंगणाच्या वेळी, गर्दी अशी दाटते की कमरेमागचा कॅमेरा आपला राहिला आहे की नाही हे कळत नाही. तिथे पट्टा चटकन आखूड करून कॅमेरा पोटावर आणावा, आणि एसटीच्या दारातून किंवा लोकलमध्ये शिरतानाही तसेच करावे. दुसरी सूचना घामापावसाची. मुक्कामाला पोचल्यावर पट्टा कॅमेऱ्यापासून काढून, साध्या पाण्याने धुऊन, न पिळता नुसता झटकून सावलीत टांगावा, कारण वाळलेल्या घामाचे मीठ धाग्यांत राहिले की दुसऱ्या दिवशी तोच पट्टा कानसीसारखा घासतो. बदली म्हणून एक साधा, हलका पट्टा पिशवीत असू द्यावा. महिन्यातून एकदा दोन्ही टोकांचे टाके नखाने उचलून पाहावेत, कडीपाशी पट्टीला दुमड पडून धागे उसवले आहेत का ते उजेडात धरून तपासावे. उसवलेले दिसले तर चांभाराकडून जाड दोऱ्याने शिवून घ्यावे, आणि प्लॅस्टिकच्या बक्कलाला केसाएवढी जरी चीर दिसली तरी शिवण्या-चिकटविण्याच्या भानगडीत न पडता ते बक्कल टाकून नवे घ्यावे.